मी लोरेटाची जागा अडवली

ठक्. ठक्. मग थोडं थांबून, अगदी हलक्या हातानं, आणखी एकदा ठक्.

माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. डेट्रॉइटच्या कारखान्यात, १९६९च्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका कामगारानं रबरी हातोडीनं माझं डावं दार चौकटीत बसवलं. त्याचा चेहरा आठवत नाही. तिसरा ठोका मारला नसता तरी चाललं असतं. मुकादम बघत नव्हता, पट्टा पुढे सरकत होता, मागे पुढची गाडी येऊन ठेपली होती. तरी त्यानं मारला.

मी एक जुनी गाडी. माझ्यासारखीला इकडे मसल कार म्हणतात. अंग बेताचं आणि इंजिन दांडगं, असा आमचा घाट. आता मला दुर्मिळ म्हणतात. मोहरीसारखा मळकट रंग, आत रेडिओ नाही, पुढे साधं सलग बाक आणि बॉनेटखाली सगळ्यात मोठं इंजिन. अशा आम्ही अकराच निघालो. लोक हे मोठ्या कौतुकानं सांगतात. खरं सांगायचं तर अशी गाडी त्या वेळी कुणाला नकोच होती, म्हणून अकरा.

सैन्यातून सुटून आलेल्या एका पोरानं मला घेतलं. चार वर्षं त्यानं मला अशी पळवली की सिग्नलला शेजारी उभी राहिलेली गाडी आधीच मान खाली घाली. माझं खरं जगणं तेवढंच. मग पेट्रोल महागलं, त्याचं लग्न झालं, पाळणा हलला. मागच्या बाकावर बाळाची टोपली नीट बसेना, म्हणून त्यानं मला विकलं. जाताना माझ्या छतावर थाप मारली आणि मान वळवून बघितलं नाही. ते बरं केलं त्यानं.

पुढे रस्त्यावरचं मीठ लागलं. आमच्या या ओहायोत बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. माणसाला त्याचा उपयोग होतो, पत्र्याला ते आतून खातं. माझी तळाची पत्र्याची फरशी गेली, चाकांवरच्या कमानी गेल्या. रस्त्यावरून उतरले ती उतरलेच.

त्यानंतर मला विकत घेणाऱ्यांची एकच बोली. “दोन वर्षांत उभी करतो.” पहिल्यानं इंजिन काढलं आणि बायकोनं घर सोडल्यावर तसंच ठेवून दिलं. दुसऱ्यानं दारं, बाकं, तारा, सगळं उतरवलं. नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. एका डब्यावरची चिठ्ठी मी अजून विसरले नाही. “डावीकडचे, बहुतेक.” खोलणं सोपं असतं. खोलताना माणसाला वाटतं, काम पुढे चाललंय.

तिसरा एमरी साबो. टोलेडोच्या काच-कारखान्यात भट्टीवर काम करायचा. हंगेरीहून आलेल्या लोकांच्या जुन्या आळीत त्याचं घर. घरामागे एकाच गाडीचं गॅरेज. त्यानं मला ट्रकवरून उतरवून आत ढकललं तेव्हा त्याची बायको लोरेटा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पेप्रिकाची लाल पूड लागलेली, चुलीवर कोंबडी शिजत होती.

“आणि माझी गाडी?” तिनं विचारलं.

“दोनच वर्षं गं,” एमरी म्हणाला.

त्याला एकोणीस हिवाळे झाले.

एमरीइतका हळुवार हात मला कारखान्यातही लागला नव्हता. पण तो कामाला लागला ते भलत्याच टोकानं. एक अख्खा हिवाळा बिजागरीत घातला. हवा खेचणारी एक चिमुकली नळी मूळ मापाची मिळेना, तिच्यासाठी चार वर्षं पत्रं लिहिली. कारखान्यातल्या तपासनिसानं बॉनेटखाली घाईघाईत खडूची रेघ मारली होती. जुन्या फोटोत बघून एमरीनं तीही पुन्हा काढली, तशीच वाकडी. त्या दिवशी तो फार खुशीत होता. आणि मला तेव्हा फरशी नव्हती. आत वाकून बघितलं तर खाली सिमेंट दिसायचं.

लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पहाटे साडेपाचला निघायची. तिची छोटी निळी गाडी बाहेर अंगणात. एकोणीस हिवाळे मी आत कोरडी उभी राहून तिचा आवाज ऐकला आहे. खर्र, खर्र. काचेवरचा बर्फ ती खरवडायची. न चालणारी गाडी आत आणि रोज चालणारी बाहेर. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

शेजारचा व्हर्जिल एमरीला मदत करायला म्हणून यायचा आणि बसून राहायचा. एकदा हसत म्हणाला, “वहिनी, सवत बरी पोसलीत घरात!”

“सवत असती तर चार भांडी तरी घासली असती,” लोरेटा म्हणाली. “ही नुसती बसून असते. तुमच्यासारखी.”

व्हर्जिल त्यानंतर आठवडाभर आला नाही.

गेल्या जानेवारीत खरवडण्याचा आवाज मध्येच तुटला. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग लोरेटाची हाक. किंचाळली नाही ती, फक्त “एमरी” म्हणाली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

दवाखान्यातून आल्यावर एमरी माझ्यात येऊन बसला. बाक नाही, म्हणून बादली पालथी घालून बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून होता. मग घरात जाऊन म्हणाला, “विकतो. पुढच्या बर्फाच्या आधी तुझी गाडी आत असेल.”

लोरेटा एवढंच म्हणाली, “बघू.”

जाहिरात दिली. माणसं येऊ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच, “काका, घेण्यासारखी आहे का?” आणि एमरी खरं सांगायचा. फरशी नाही. उजवं दार दुसऱ्याच गाडीचं आहे. काच मिळता मिळत नाही. जेवढ्याला घ्याल त्याच्या तिप्पट घालाल, आणि विकायला गेलात तर घातलेलं निघणार नाही. माणसं मान हलवायची, आभार मानायची आणि जायची.

“तू गाडी विकतोयस की पाद्र्यापुढे पापं सांगतोयस?” व्हर्जिल वैतागून म्हणाला.

“खोटं कसं सांगू?”

लोरेटा प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून दारात उभी होती. ती म्हणाली, “खरं सांग की. मी कुठं नको म्हणते? पण माणूस नाही म्हणून निघाला की तुझा चेहरा उजळतो. तो मला इथून दिसतो.”

एमरी फडकं घेऊन हात पुसू लागला. मला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं.

प्लास्टर निघालं, पण हाताला पहिला जोर आला नाही. बरणीचं झाकणही ती डाव्या हातानं उघडू लागली. उन्हाळा गेला. झाडं पिवळी होऊन रिकामी झाली. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी कर्टिस आला.

चाळिशीचा, स्वच्छ ट्रक, स्वच्छ बूट. खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगावरून फिरवत गेला. पत्रा असतो तिथे ते चिकटतं, पुट्टी भरलेली असते तिथून खाली घसरतं. कमानींवर ते धरेचना. मला वाटलं, हाही जाणार. पण तो सरळ म्हणाला, “घेतो. सांगितलेल्या किमतीला.”

लोरेटाचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच थांबला.

एमरीचा चेहरा पडला, पण तो मागे हटला नाही. एकेक डबा पुढे ओढू लागला. “हे बघा, यात बिजागऱ्या आहेत, मी तेल लावून ठेवल्यात. आणि हा डबा उघडाल तेव्हा आधी…”

“डबे राहू देत, काका,” कर्टिस म्हणाला. “मला ते कोपऱ्यातलं इंजिन हवंय आणि काचेखालची ही कारखान्याच्या नंबराची पट्टी. याच जातीचा धडधाकट सांगाडा घरी पडलाय माझ्याकडे, गंजाचा ठिपका नाही. त्याच्यावर पट्टी बसवायची, इंजिन आत टाकायचं. झाली दुर्मिळ गाडी.”

“आणि ही?”

“ही काय, भंगारात. मी उचलून नेतो, तुम्हाला त्रास नाही.”

एमरीनं थोडा विचार केला. तो सावकाश विचार करणारा माणूस. “मग तुमच्याकडची ती गाडी कुठली म्हणायची?”

“हीच की! नंबर हाच ना? सगळे करतात, काका.”

एमरीनं लोरेटाकडे बघितलं. ती ‘दे’ म्हणाली असती तर त्यानं दिलं असतं, हे मी शपथेवर सांगते. पण तिनं त्याच्यावर सोडलं.

“नाही जमायचं,” एमरी म्हणाला.

“असं गिऱ्हाईक परत मिळायचं नाही.”

“माहीत आहे.”

कर्टिसनं खांदे उडवले, चुंबक रुमालात गुंडाळलं आणि “पस्तावाल” म्हणून ट्रकमध्ये बसला.

लोरेटानं कोट चढवला. “मी दुकानात जाऊन येते. सोमवारी बर्फ सांगितलाय.” आवाजात राग नव्हता. राग असता तर एमरीला सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर एमरीनं बाह्या सरसावल्या. मग त्यानं डबे उचलले. एकेक करून एकतीस डबे तळघरात नेले. इंजिन ठेवलेला चाकांचा घोडा ढकलत भिंतीला लावला, त्यावर जुनी रजई टाकली. माझ्या टायरांत हवा भरली. चारांतला एक धरेना, त्यात तीनदा भरली. मग मोठं दार पूर्ण उघडलं, माझ्या पुढच्या काचेच्या खांबाला खांदा लावला आणि ढकलू लागला. सत्तरीचा माणूस. जमिनीला बाहेरच्या बाजूला जरा उतार होता, म्हणून मी हलले.

एकोणीस वर्षांनी मला आभाळ दिसलं. राखाडी, खाली उतरलेलं. कुंपणाशी नेऊन त्यानं चाकांखाली विटा लावल्या. उघड्यावरचा एक हिवाळा माझ्यासारखीला किती महागात पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? माझा पत्रा हातानं चाचपून तो परत गेला आणि गॅरेजची फरशी झाडून धुऊ लागला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यातला कुणी माझ्यासारखी दुर्मिळ, मोडकी गाडी घ्यायला निघाला असेल तर थोडं ऐका. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. एमरीचे हात माझ्या वाट्याला आले नसते तर मला कधीच कुणी हळू हात लावला नसता. पण किंमत विचारून थांबू नका. ती येऊन कुणाच्या जागेवर उभी राहणार आहे आणि त्या माणसानं तितकी वर्षं कुठं उभं राहायचं, हे आधी विचारा. आणि “दोन वर्षं” हा शब्द तोंडातून काढू नका. मी तो तीन पुरुषांच्या तोंडून ऐकला आहे. तिघेही खोटारडे नव्हते. मी थकले आहे. पुन्हा धावायची हौस आता उरलेली नाही.

तिन्हीसांजेच्या आधी निळी गाडी अंगणात वळली. लोरेटानं ब्रेक दाबला. समोर रिकामं गॅरेज, ओली फरशी. इंजिन चालू ठेवून ती काचेतून बघत राहिली. मग हळूहळू गाडी आत घेतली, जणू कुणी झोपलं आहे.

एमरी बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. “तेलाचा डाग निघाला नाही. घसरशील म्हणून वाळू टाकलीय,” तो म्हणाला.

ती गाडीतून उतरली. लाकडांच्या ढिगावरची ताडपत्री डाव्या हातानं ओढली आणि कुंपणाशी, माझ्याकडे आली. एका हातानं तिला ती टाकता येईना. एमरीनं पलीकडचं टोक धरलं. दोघांनी मला झाकलं. तिनं उजव्या हातानं दोरीला गाठ मारायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा तिनं दात घट्ट आवळून ओढली आणि बसली.

आतल्या अंधारात मला तिचा तळवा कळला. बॉनेटवर ताडपत्रीवरून ठेवलेला, एक क्षणभर. मग तिची पावलं घराकडे गेली.