आक्काबाईचा गुडघा आणि चार लोक

आक्काबाईचा उजवा गुडघा घरातल्या बाकीच्या माणसांसारखाच होता. सकाळी लवकर उठायला मागायचा नाही, आणि उठलाच तर कुरकुर करत उठायचा. बाकीच्यांचं आक्काबाई चालवून घ्यायची. गुडघ्याचं चालवून घेणं जमेना.

गेल्या बुद्धपौर्णिमेला मुलगा रवी आणि सून रोहिणी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेले आणि आक्काबाई खाली पिशव्या सांभाळत बसली. नुसत्या घरच्या पिशव्या असत्या तर ठीक होतं. पण म्हातारी एका जागी बसलेली दिसली की जाणारा-येणारा विश्वासाने आपलीही पिशवी तिच्यापाशी ठेवी. "आजी, जरा लक्ष असू द्या." दुपारपर्यंत तिच्याभोवती एवढा ढीग जमला की एका माणसाने भाव विचारला.

त्याच दिवशी तिने ठरवलं, पुढच्या बुद्धपौर्णिमेला आपल्या पायांनी वर जायचं. काठी नाही, कोणाचा हात नाही. लासलगावच्या मार्केटात कांदा निवडण्यात सगळी उमर गेली, तेव्हा हा गुडघा एक अक्षर बोलला नव्हता. आता पाथर्डी फाट्याजवळच्या रो-हाउसमध्ये फरशीवर राहायला आल्यावर त्याला वाचा फुटली होती. गच्चीवरून लेण्यांचा डोंगर समोर दिसायचा. रोज दिसायचा. जवळ काही यायचा नाही.

रोहिणी तिला फिजिओथेरपीवाल्या मृण्मयी मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी पलंगावर आडवं पडून हवेत सायकल चालवायला सांगितली.

"ही सायकल जाती कुठं?" आक्काबाईने विचारलं.

"कुठंच नाही, आजी. व्यायाम आहे."

"मग दमायचं कशापायी?"

याचं उत्तर मॅडमच्या शिक्षणात नव्हतं. आक्काबाईने काही दिवस सायकल चालवली आणि रोज पलंगावरच उतरली. मग एका सकाळी ती अंगणातल्या मोगऱ्याखालचं गवत काढायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं की बसणं, उठणं, वाकणं, सरकणं, सगळं इथंच होतंय, आणि वर गवतही निघतंय. मृण्मयी मॅडम खूश झाल्या. "आजी, हेच करा. रोज करा. फक्त बंद करू नका, नाहीतर गुडघा परत धरेल."

झालं. आक्काबाई रोज उजाडलं की खुरपं घेऊन अंगणात. गवत संपलं की कुदळीने माती उकरायची, ढेकळं फोडायची, वाफा करायचा. वाफा आवडला नाही की मोडून दुसरीकडे करायचा. गुडघ्याची कुरकुर कमी झाली. एक दिवस तर तो न विचारता वाकला.

शेजारच्या मोहिनीने हे गॅलरीतून पाहिलं. मोहिनी बँकेत होती आणि मनाने हळवी होती. तिने आक्काबाईचा खुरपं धरलेला फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'या वयातही केवढे हे कष्ट!' आणि रडक्या चेहऱ्यांची एक रांग.

दूध आणायला गेलेल्या रोहिणीला दुकानातल्या बाईने विचारलं, "मॅडम, कामाला बाई मिळत नाही का हो? सांगायचं ना, मी बघते एखादी." रोहिणी शाळेत शिकवायची. वर्गात पिन पडली तर ऐकू येईल अशी तिची जरब. पण ती दूध न घेताच परत आली. संध्याकाळी लासलगावहून रवीच्या मामाचा फोन. फोटो तिथवर पोचला होता.

"रव्या, माझ्या बहिणीनं जलमभर कांदा निवडला ते तू हाफिसात खुर्चीवर बसावं म्हणून. आन् तू तिला परत मातीत बसवलं?"

"मामा, तो व्यायाम आहे."

"खुरपं घेऊन? मला काय येडा समजतो का?"

रवीने फोन ठेवला आणि घरात बैठक बसली. रोहिणीचे डोळे भरले होते. "आत्या, तुम्ही करा हो सगळं, पण आतल्या आत करा."

"घरात गवत कुठून आणू?"

"चार लोक मला नावं ठेवतात."

"कोणते चार?" आक्काबाईने खरंच विचारलं. ती नावं मिळाली असती तर जाऊन समजावून आली असती. पण ते चार लोक कोण, हे रोहिणीला सांगता येईना आणि रवीलाही.

रवी सरकारी कचेरीत कारकून होता. मूळ काम तसंच ठेवून त्याला दुसरं नाव कसं द्यायचं, यात त्याचा हातखंडा होता. दुसऱ्या दिवशी त्याने आईसाठी पांढरे बूट, ट्रॅकसूटचं निळं जाकीट आणि कपाळावर बांधायची पट्टी आणली. लुगड्यावर जाकीट, खाली बूट. "आई, हे घालून खुरपायचं. आणि तोंडाने आकडे मोजायचे. मोठ्याने."

"खुरपताना आकडे कशाला? गवत काय शाळंत घालायचंय?"

"मोजलं की व्यायाम दिसतो. न मोजता केलं की मजुरी दिसते."

हे आक्काबाईला समजलं नाही. पण तिला पौर्णिमा गाठायची होती. तिने जाकीट घातलं, पट्टी बांधली, आणि एक-दोन-तीन म्हणत गवत उपटलं. लोकांचं बोलणं एका सकाळीत बंद झालं. मोहिनीने नवा फोटो टाकला. यावेळी खाली दंडाची चित्रं आणि 'प्रेरणा!'

आता प्रेरणेचं असं आहे, की ती एकदा मोकळी सुटली की कोणाच्याही घरात शिरते. ती आधी मोहिनीच्याच घरात शिरली. तिचे सासरे हिरामण अण्णा वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून होते. सुनेने आणि मुलाने त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. ते सकाळी क्रिकेटची टोपी घालून आक्काबाईच्या फाटकात उभे राहिले.

"बाई, तुमच्या वर्गात जागा आहे का?"

"कसला वर्ग?"

"फी किती?"

आक्काबाईने वळून रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीने रवीकडे. रवीने जाकिटाकडे. अण्णा तोवर आत येऊन गवत उपटत होते आणि मोठ्याने आकडे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी अण्णांचे दोन मित्र आले, तिसऱ्या दिवशी त्या मित्रांच्या बायका, त्यांच्यावर लक्ष ठेवायला. आठवड्याभरात अंगणात गवत म्हणून उरलं नाही. मग त्यांनी मोगरा उपटला. मग माती उकरली, फाटकापासून नळापर्यंत. नळ उकरता आला नाही म्हणून तो राहिला.

आणि आक्काबाईला त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"तुम्ही बसायचं," अण्णा म्हणाले. "तुम्ही गुरू. तुम्ही फक्त सांगायचं."

"मला काय सांगता येतं? मला करायचंय."

"बघा, केवढा विनय," अण्णांचे मित्र म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातलं खुरपं अलगद काढून घेतलं.

तिच्याच अंगणात, तिच्याच जाकिटात ती बसून राहिली. समोर सगळी कॉलनी वाकत होती, उठत होती आणि ठणठणीत होत होती. खुर्चीत बसवल्यापासून चौथ्या दिवशी गुडघा सकाळी उठायला तयार होईना. पौर्णिमा पंधरवड्यावर आली होती.

आक्काबाईने विचार केला. अण्णा रोज सकाळी इथं असतात, म्हणजे अण्णांचं अंगण रिकामं असणार. तिने मागच्या दाराने जाऊन बघितलं. अंगण रिकामं तर होतंच, शिवाय गुडघाभर गवत होतं. कोणी हात लावला नव्हता, कारण अण्णांना लावू देत नव्हते. आक्काबाईने लुगडं खोचलं आणि बसली. आकडे मोजले नाहीत. फार बरं वाटलं.

दोन-तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता. मग एक दिवस मोहिनीच्या बँकेला सुट्टी होती. ती ब्रश करत मागच्या दारात आली आणि तशीच, तोंडात फेस घेऊन, रोहिणीच्या दारात आली.

"तुमच्या सासूबाई माझ्या अंगणात गवत काढतायत!"

"आणि तुमचे सासरे माझ्या अंगणात," रोहिणी म्हणाली.

"लोक म्हणतील, मोहिनी दुसऱ्यांच्या म्हातारीला राबवते!"

"मला काय म्हणतील? मी तर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्याला टोपी घालून राबवते."

एकमेकींना नावं ठेवणाऱ्या चार लोकांमधले दोन आपण स्वतःच आहोत, असं काहीतरी दोघींच्या मनात एकदमच आलं असावं, कारण मोहिनी फेस पुसून आत येऊन बसली आणि रोहिणीने चहा टाकला. चहा संपेपर्यंत तोड निघाली होती. माणूस स्वतःच्या घरी राबला की बिचारा असतो, पण दुसऱ्याच्या घरी फुकट राबला की हौशी असतो. म्हणून मोहिनीने आक्काबाईला वापरायचं आणि रोहिणीने अण्णांना. विचारलंच कोणी तर सांगायचं, काय करणार हो, ऐकतच नाहीत, भारी हौस.

"म्हंजी आता मी तुमच्याकडं रोज यायचं?" आक्काबाईने विचारलं.

"या ना, मावशी. पुढच्या बाजूलाही गवत आहे."

आक्काबाईला यातलं काहीही कळलं नाही. पण गवत खरं होतं, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती मोहिनीच्या गच्चीपर्यंत चढून उतरून आली, कठड्याला हात न लावता.

पौर्णिमेला सकाळी लवकर तिघं लेण्यांच्या पायथ्याशी पोचली. पांढरे कपडे घातलेली माणसंच माणसं. आक्काबाईने वर बघितलं, पायरीवर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. गुडघा गप्प होता. तिसरी पायरी, चौथी. एवढ्यात चार तरणीताठी स्वयंसेवक पोरं खुर्ची घेऊन पळत आली.

"आजी, थांबा! आम्ही आहोत ना!"

काय होतंय ते कळायच्या आत ती खुर्चीत होती आणि खुर्ची हवेत होती.

"अरं सोडा मला! माझी मी येती!"

"जय भीम, आजी!" पोरं म्हणाली आणि आणखी जोरात पळाली. वर नेऊन त्यांनी तिला अलगद ठेवलं, पाया पडली, एक फोटो काढला आणि पुढच्या म्हातारीला आणायला गेली.

रवी धापा टाकत मागून आला. "आलीस की गं वर!"

"मी कुठं आले? खुर्ची आली."

"आई, वर ती वरच ना."

"नाय. हे धरायचं नाय." ती उठली आणि एक-एक पायरी उतरत खाली गेली. उतरताना कोणी उचललं नाही. खाली जाणाऱ्या म्हातारीत कोणाला पुण्य दिसत नसावं. खाली पोचून ती वळली आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवला. पोरं पुन्हा आली. या वेळी रवी आडवा झाला. "अहो, तिला चालू द्या. तिला चालायचंय."

पोरांनी रवीकडे खालून वर पाहिलं. मागे थांबलेल्या एका बाईने तर रोहिणीलाच गाठलं. "शिकलेल्या दिसता. एवढ्या उन्हात म्हातारीला चढवता? पोरं उचलतायत तर उचलू तरी द्या."

रोहिणीने पदराने घाम पुसला, म्हणजे घामच असावा. आक्काबाईने तिच्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. चढायचं तर सुनेला बोलणी, आणि खुर्चीत बसायचं तर वर्षभर कुदळ कशाला मारली? ती बाजूला पाणीवाटपाच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

टेबलामागचा माणूस घाईत होता. "मावशी, हे धरा जरा, मी दुसरा जार आणतो." त्याने पाण्याने भरलेली किटली आणि स्टीलचा पेला तिच्या हातात दिला आणि गेला.

एका माणसाने हात पुढे केला. तिने पाणी दिलं. मग दुसऱ्याने. मग पायरीवरून एका लेकुरवाळीने हाक मारली, "आजी, इकडं द्या ना, पोरगं तहानलंय." आक्काबाई दोन पायऱ्या चढली. आणखी वरून कोणीतरी बोलावलं. ती चढली, वाकली, पेला भरला, सरळ झाली, चढली. माणसं आपोआप बाजूला होऊन वाट देत होती. मघाची बाईही पाणी प्यायली आणि म्हणाली, "वर द्या हो, वर कोणीच पाणी घेऊन गेलं नाही."

वळणावर ती चार पोरं रिकामी खुर्ची घेऊन खाली येताना भेटली. आक्काबाईने किटली छातीशी धरली आणि उभी राहिली.

"आजी, पाणी!" चौघांनी ओंजळी पुढे केल्या. प्यायले, तोंड पुसलं. "भारी काम करताय, आजी," एक जण म्हणाला, आणि ते खुर्ची घेऊन खाली गेले.

ती जाणाऱ्या खुर्चीकडे बघत राहिली. हातात काही नव्हतं तेव्हा उचलत होते. आता भरलेली किटली आहे तर चाल म्हणतात. घरी हातात खुरपं दिसलं की बस म्हणायचे. ते याच्या उलटं होतं, की हेच होतं? तिला नक्की ठरवता येईना. वरून पुन्हा हाक आली आणि ती चढू लागली.

शेवटची पायरी आली तेव्हा ती एका पोरीला पाणी देत होती, त्यामुळे ती चढल्याचं तिला चढल्यावर कळलं. लेण्यातली मूर्ती समोर होती. तिने किटली खाली ठेवली आणि हात जोडले. गुडघा थरथरत होता, पण बोलत नव्हता. खाली नाशिक पसरलं होतं आणि त्यात कुठेतरी त्यांची कॉलनी.

रोहिणी वर पोचली ती भिंतीला धरूनच. "आत्या," तिला नीट बोलता येईना, "पाणी..."

आक्काबाईने किटली उपडी केली. एक थेंब पडला.

"संपलं. बस तू इथं. भरून आणती."

"आई, मी आणतो," रवी हात पुढे करत म्हणाला.

"हात लावशील तर बघ," आक्काबाई म्हणाली आणि किटली घेऊन पायऱ्यांकडे निघाली.