चीर कोयनेची, नाव आकारामचं

मित्रांनो, माझ्या अंगाला चीर पडलेली बघून पाहुण्यानं हळहळावं की नाही? हा खूश झाला. कॅमेरा काढून माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि दहा फोटो काढले. आकाराम हवालदारांनी माती मळून ठेवली होती, तर म्हणाला, इतक्यात लिंपू नका. असल्या वागण्याला आमच्यात काय म्हणतात, ते पोरांसमोर बोलत नाही.

मी एक जुनी भट्टी आहे. पंजाबात मला तंदूर म्हणतात. सातारा-कराड रस्त्याला, उंब्रजच्या अलीकडं मानसिंग सरदारजींचा ढाबा आहे, तिथली मी थोरली. सरदारजी फौजेत ड्रायव्हर होते. पुढं कोयनेच्या कामावर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. कोंडीबा कुंभारानं तांबड्या मातीत बोकडाचे केस कालवून मला घडवलं. त्यानं जन्मभर रांजणच केलेले, म्हणून माझं पोट जरा सुटलं. पण माझी रोटी खाऊन ट्रकवाले कोल्हापूरपर्यंत नाव काढायचे.

ढाब्याची जागा आकारामांची. तेही फौजेतलेच. त्यांच्या अंबूबाईनं पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी माझ्या पोटाला चिकटवली. ती पडली निखाऱ्यात, आणि दोष मला. पुढं वांगी भाजायला मात्र रोज माझ्याकडंच यायची.

चौऱ्याऐंशी साली दिल्लीत सरदारजींच्या भावाला जमावानं घरातून ओढून मारलं. त्याच आठवड्यात इकडंही ट्रॅक्टर भरून पोरं आली, घोषणा देत. आकाराम फौजी कोट चढवून, पदकं लावून माझ्या कट्ट्यावर बसले होते.  पोरं आली तशी गेली, तरी आकाराम आठ दिवस तिथून हलले नाहीत.

हा पाहुणा, बलकार, त्या मारल्या गेलेल्या भावाचा मुलगा. तो कॅनडाला मामाकडं वाढला आणि शिखांचा वेगळा देश मागणाऱ्या मंडळींत सामील झाला. धाकटा भाऊ पंजाबात राहिला. त्याला पोलिसांनी दोनदा उचलून नेलं, तसा तोही पळून कॅनडात गेला आणि तिथं आश्रय मागितला. तिथले अधिकारी म्हणाले, पंजाबात भीती आहे ना, मग महाराष्ट्रात चुलत्याकडं जाऊन राहा. म्हणून चुलत्याकडंही धोका आहे, असा पुरावा पाहिजे होता. सुनावणी पुढच्या महिन्यात होती.

आणि नेमका त्या चौऱ्याण्णवच्या थंडीत कोयनेच्या भूकंपाचा हादरा बसलेला. मला चीर पडली, मागची भिंत बसली. बलकारला आयता पुरावा मिळाला.

दुपारी त्यानं इंग्रजीत लिहिलेला कागद सरदारजींपुढं सहीला ठेवला. सरदारजींनी चष्मा लावला आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत वाचायला लागले. जमावानं ढाबा फोडला, भट्टी फोडली, पुढारी होता जागेचा मालक आकाराम. चुलत्याच्या पत्रांतून त्याला इथलं तेवढंच एक नाव ठाऊक होतं, तेच त्यानं घातलं.

आकाराम बाजेवर चहा पीत होते. ऐकून त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"नाव घातलंस तर फुडं हवालदार बी लिव रं," ते म्हणाले. "फुकटची न्हाई मिळाली ती फीत."



बलकार हिंदीत म्हणाला, "चाचाजी, कॅनडात आकारामला कोण ओळखतं? माझ्या भावाला मात्र पंजाबचे पोलीस ओळखतात."

हे खोटं नव्हतं, मित्रांनो. म्हणून तर सरदारजींनी पेन उचललं. माझ्यात निखारे होते, त्यांच्या कपाळावर घाम. अंबूबाई पदराला हात पुसत पुढं आली.

"आवं सरदारजी, करा सही. पोरगं वाचत असंल तर आमचं नाव जाऊ द्या चुलीत."

एवढं ऐकलं आणि सरदारजींनी पेनाला टोपण लावलं. माझ्या चिरेकडं बघितलं. मग कोरा कागद मागवला. त्यावर भावाचं नाव लिहिलं, दिल्लीतली गल्ली लिहिली, तारीख लिहिली, त्याला कसं मारलं ते लिहिलं. धाकट्याला पोलिसांनी कधी नेलं, तेही लिहिलं. खाली सही केली. पहिला कागद सहीविना परत दिला.

बलकार म्हणाला, असली पत्रं तिथं ढिगानं पडलीत, कुणी वाचत नाही. आणि दोन्ही कागद दोन हातांत धरून एसटीची वाट बघत उभा राहिला.

मित्रांनो, जुन्या भट्टीला चीर पडली तर ओल्या मातीनं लगेच लिंपा, ती आणखी दहा वर्षं तुम्हाला जेवू घालील. बाकीचं मला त्यालाच सुनावायचं आहे.

"बलकार, ऐक रं. तुझ्या बापाला मारलं, ते खरं हाय. त्याचा न्याय माग, वरडून माग. वेगळा देश मागायचा तर तोबी तुझ्या तोंडानं माग, मी कोण अडवणार? पर मारणाऱ्यांच्या जागी तू आकारामचं नाव घातलंस, म्हंजे तुझ्या बापाच्या खुन्यांतला एक तूच सोडून दिलास. तो कागद फाड, हात धू, आन् जेवायला बस."