क्योमुहांगीनं निवडलेला खोंड

रुआबुहिंडाचा म्हातारा वळू गेला, तेव्हा किरुहुराच्या माळावरचे लोक घरचं माणूस गेल्यासारखे भेटायला आले. एवढं त्या वळूचं नाव होतं. मागे त्याचे दोन गोऱ्हे उरले. एक थेट बापावर गेलेला, गर्द तांबडा, कोवळ्या वयातच शिंगं अशी पसरलेली की वाटसरूनं थांबून बघावं. दुसरा मळकट, आखूड शिंगांचा. वळू म्हणून कोणाला ठेवायचं हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

विचारलं ते लेकीनं. क्योमुहांगी म्बाराराच्या कृत्रिम रेतन केंद्रात गुरांच्या जनुकांवर काम करायची. एका सुट्टीत तिनं दोघांचं रक्त नेलं, आणि पुढच्या खेपेला बापाला कुंपणापाशी गाठलं.

"बाबा, तांबड्यात एक वाईट खूण आहे. आईकडूनही आलीय आणि बापाकडूनही. असा वळू गाईवर जातो, पण गाय फळत नाही. बीजात जोरच नसतो."

"आणि तो मळकट?"

"त्याच्या खुणा चांगल्या आहेत."

"नक्की?"

"छातीठोक नाही सांगत. दोघंही अजून वयात यायचेत. पण निवड माझी असती, तर मी मळकट ठेवला असता."

रुआबुहिंडा बरेच दिवस कुंपणापाशी जाऊन दोन्ही गोऱ्हे न्याहाळायचा. दोघांना मोकळं सोडलं असतं, तर तांबड्यानं दुसऱ्याला गाईंजवळ फिरकूही दिलं नसतं. एका सकाळी त्यानं तांबड्याला खच्ची करायला माणसं बोलावली. शेजारचा कातुंग्ये धावत आला.

"डोकं फिरलं का तुझं? असलं जनावर! पोरीनं रक्तात शिंगं मोजली वाटतं?"

"मोजली असतील. आलाच आहेस तर दोर धर."

दोराचं दुसरं टोक रुआबुहिंडानं स्वतः धरलं.

त्यानंतर लग्नात, बाजारात, पाणवठ्यावर लोकांनी त्याला सोडलं नाही. "रक्तवाला आला रे," म्हणायचे. तो हसून दूध प्यायचा.

मळकट वयात आला, तेव्हा क्योमुहांगीनं त्याला केंद्रात नेलं. बापालाही बरोबर नेलं आणि मळकटाच्या बीजाचा थेंब ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. त्यानं एक डोळा मिटला. आत नुसती झुंबड होती. तहानलेला कळप तळ्याकडे सुटावा, तशी सगळी पुढे धावत होती.

"हे सगळं त्याचं?"

"त्याचंच, बाबा."

तो काही केल्या उठेना. शेवटी मागच्या माणसाला म्हणाला, "बघायचंय का? माझ्या मुलीनं हे आधीच सांगितलं होतं. तो वयात यायच्या आधी!" खोलीतल्या प्रत्येकाला त्यानं ते ऐकवलं, झाडणाऱ्या बाईलाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या गाई पटापट व्यायल्या. कातुंग्येच्या गाई मात्र पुन्हा पुन्हा उलटत होत्या, गाभच राहत नव्हत्या. एक दिवस तो येऊन बसला, दुधाचा पेला हातात फिरवत राहिला.

"माझ्याकडे तीन खोंड आहेत," तो अखेर म्हणाला. "रक्त बघायचं होतं."

"मला काय सांगतोस? ती बघ, तिकडे आहे. तिला विचार."

कातुंग्ये उठला, टोपी काढली आणि कुंपणाकडे गेला. "डॉक्टरीणबाई," त्यानं हाक मारली, "जरा वेळ आहे का?"

रुआबुहिंडानं आपला पेला उचलला आणि ताठ बसून त्या दोघांकडे बघत राहिला.