फेरी दारात थांबेना

दर रविवारी सकाळी सुगंधाबाई ओटा धुऊन काढायची, दारात मोठी रांगोळी घालायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झालेले असायचे. पण हातात सूप असलं की माणूस कोणाची वाट बघत बसलंय असं दिसत नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी निशाचा आवाज यायचा. निशा तिची सून. रंगीत छत्री उंच धरून पुढे चालायची आणि मागून टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या लटकवलेली माणसं. ताडोब्याला वाघ बघायला आलेली. वाघ दिसला की उरलेल्या वेळाचं काय करायचं हा त्यांना प्रश्न, म्हणून निशानं आणि तिच्या मैत्रिणींनी ही फेरी काढली होती. चंद्रपूरच्या परकोटाच्या आतल्या जुन्या वस्तीत पायी हिंडवायचं, गेट दाखवायचं, बुरूज दाखवायचा, आणि मग आपला मोहल्ला.

मोहल्ल्यात बघायला होतंच तसं. आधी पत्रू कुंभाराचं चाक. मग धानोऱ्याकडून आलेली बुधरीबाई, ओट्यावर चारोळी, मध आणि मोहफुलं मांडून बसलेली, घरात गोंडी बोलणारी. मग हमीदाबी, दर्ग्याच्या चादरीला जरीची किनार लावणारी. आणि सगळ्यांत शेवटी पोचक्का. सिरोंच्याची तेलुगू बाई. तिथे फेरी टेकायची, पाणी प्यायची आणि पोचक्काच्या हातचे सकिनालू खायची. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली, बोटांनी पीळ देऊन वळलेली कडी. कडकड वाजवत खायची ती माणसं, आणि पोचक्का पदराला हात पुसत फोटोला उभी राहायची.

हमीदाबी आणि पोचक्का यांच्या मधोमध सुगंधाबाईचं घर. तिथं आली की निशा छत्री जराशी खाली करायची, “आणि हे आमचं घर,” म्हणायची, आणि पुढे चालू लागायची. टोप्या, बाटल्या सगळं रांगोळीला वळसा घालून निघून जायचं.

सुगंधाबाईच्या सुपातले तांदूळ उडायचे तेव्हा.

एकदा तिनं विचारलंच. “काऊन व निशा, आपल्या घरात काई पाहण्यासारखं नाई का?”

“तसं नाई आई. लोकांना वेगळं काही पाहायला आवडतं. आपल्याकडं काय, वरण-भात आणि वांग्याची भाजी.”

“वरण-भात खाऊनच तुया नवरा एवढा झाला. त्याले नाई वेगळं लागलं काई.”

नानाजी, म्हणजे सुगंधाबाईचा नवरा, खाटेवर पेपर वाचत होता. तो पेपराआडून म्हणाला, “तू पण जात जा ना फेरीत. पोचक्काच्या घरी बसून ये घडीभर.”

“मी काऊन जाऊ? मले भिंतीवरून रोज दिसते ते.”

हे खरं होतं. मागच्या अंगणातली भिंत खांद्याएवढी. दर शनिवारी पोचक्का पलीकडे जुनं लुगडं अंथरून सकिनालू वळायला बसायची, आणि सुगंधाबाईला नेमके तेव्हाच कपडे वाळत घालायचे असायचे. संक्रांतीचा पदार्थ हिनं बारमाही करून टाकला, असं ती मनाशी म्हणायची आणि एकही वळसा नजरेतून सुटू द्यायची नाही. सणासुदीला पोचक्का ताट भरून पाठवायची. “तेल लय झालं व तुयं,” असं सांगून सुगंधाबाई ताट परत करायची. ताट मात्र रिकामं असायचं.

तिला डाचत होतं ते निराळंच. पोचक्का या मोहल्ल्यात आली तेव्हा तिला मीठ मागता येत नव्हतं. हाताच्या खुणा करत सुगंधाबाईच्याच दारात उभी राहिली होती. मराठी बोलायला शिकली ती या ओट्यावर. तेव्हा मोहल्ल्याचं सगळं या ओट्यावरूनच हलायचं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन आधी इथं यायची. आणि भुलाबाईचा गाण्यांचा सण तर सुगंधाबाईचाच. गाणी झाली की पितळी डबा यायचा, झाकण घट्ट लावलेला. आत प्रसाद काय आहे ते डबा हलवून, आवाजावरून ओळखायचं. हमीदाबीच्या पोरीसुद्धा कान लावून बसायच्या. सुगंधाबाईचा डबा सहजी ओळखला, असं कधी झालं नाही. आता पोरी ट्यूशनला जातात, आणि मोहल्ल्यात कोणी पाहुणा आला की विचारतो, पोचक्काचं घर कुठी?

नवरात्र लागलं आणि निशा एक दिवस घरी येऊन म्हणाली, “या शनिवारी संध्याकाळची खास फेरी काढतोय. पोचक्काकडं बतुकम्मा आहे. फुलांची उतरंड रचतात, बाया भोवती फेर धरतात. नागपूरचे लोक येणार आहेत.”

सुगंधाबाईनं हातातली पोळी तव्यावर आपटली. “त्याच सांजेला माई भुलाबाई हाये.”

“तुमची भुलाबाई तर महिनाभर असते आई.”

“असते. पण प्रसाद मी त्याच सांजेला करून राह्यली.”

 निशा पोर वाईट नव्हती, तिला सासूची रांगोळी दिसत होती. “बरं. जाता जाता इथे थांबवते. पण लोकांना काहीतरी पाहायला मिळालं पाहिजे. ते रमले तर दर रविवारी थांबू.”

“रमतील. डबा हाये माया. कोणी ओळखून दाखवावा. ओळखला तर फेरी थांबव असं मी जन्मात म्हणणार नाई. आणि नाई ओळखला, तर दर रविवारी पहिले मायं दार, मंग तुयी पोचक्का.”

“झालं,” नानाजी पेपर घडी करत म्हणाला. “आता आठ दिवस या घरात कोणी सुखानं जेवणार नाई.”

डब्यात काय घालायचं? करंजी, शेव, खारे दाणे, सगळं मोहल्ल्यानं ऐकलेलं. विचार करता करता सुगंधाबाईची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. नागपूरचे लोक पोचक्काकडं जायच्या आधी इथं येणार, त्यांना माहीत असायचा प्रश्न नाही. आणि सुगंधाबाई पोचक्काचा पदार्थ करील, हे तर मोहल्ल्यातल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

शनिवारी दुपारी दार लावून तिनं तांदळाचं ओलं पीठ मळलं, तीळ घातले, ओवा चोळला, लुगडं अंथरलं आणि कडी वळली. बोटं तिची चांगली. पहिली दोन वाकडी झाली, मग पोचक्काच्या तोंडात मारतील अशी जमली. कढई तापलेलीच होती. तिनं लगेच चार कडी तेलात सोडली.

फाट्! कडं तेलात फुटलं. मग दुसरं. तेल मनगटावर उडालं.

“दिवाळी यंदा लवकर आली वाटते,” बाहेरून नानाजी ओरडला.

“तुमी गप बसा जी!”

तिनं आच कमी केली, जास्त केली, कढई बदलली. एकूण एक कडं फुटलं. पाहायचं सगळं तिनं पाहिलं होतं. फक्त कडी वळून झाल्यावर पोचक्का आंघोळीला जायची, तेव्हा सुगंधाबाईही स्वयंपाकाला आत यायची. त्या वेळात लुगड्यावर काय होत होतं, ते भिंतीवरून कोणी पाहिलंच नव्हतं.

परातीत नुसते तुकडे उरले. दुसरं काही करायला वेळ नव्हता. सुगंधाबाईनं मनगटावर हळद लावली आणि तुकडे डब्यात भरले. तुकडे तर तुकडे. तुकड्यांचा आवाज आणखीच ओळखू येणार नाही.

संध्याकाळी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली पत्रूनं घडवलेली भुलाबाई आणि भुलोबा मांडले. मोहल्ल्यातल्या बाया जमल्या. निशाची छत्री आली, आणि या वेळी रांगोळीपाशी थांबली. पाहुणे ओट्यावर, पायऱ्यांवर बसले. गाणी झाली, टाळ्या झाल्या. निशानं पैज सगळ्यांना सांगितली आणि डबा फिरू लागला.

“चिवडा!” एक बाई म्हणाली.

“चिवड्याले एवढा खडखडाट असते का?” सुगंधाबाई म्हणाली.

“खुरमे होंगे, बाजी, शंकरपाळे,” हमीदाबी म्हणाली.

“नाई.”

बुधरीबाईनं डोळे मिटून डबा हलवला. “भाजलेले मोहफुलं?”

“तुले मोहाशिवाय काई दिसते का, बुधरी?”

सगळे हसले. एका टोपीवाल्या गृहस्थानं झाकणाला हात घातला. “जरा उघडून बघू का?”

“काऊन जी साहेब? ताडोब्यात तुमाले वाघ बांधून दाखवला का? कान लावा, कान.”

माणसं खूश. मोबाईल वर झाले. सुगंधाबाईच्या गालावर किती वर्षांनी असा रंग चढला होता. इतक्यात गल्लीतून पोचक्का आली, डोक्यावर बतुकम्मा घेऊन. झेंडू, कुर्डू, तरवडाची पिवळी फुलं, थरावर थर. सगळ्या माना तिकडे वळल्या. मोबाईलही वळले. सुगंधाबाईला वाटलं, तो फुलांचा डोंगर उचलावा आणि तळ्यात नेऊन बुडवावा, बाईसकट.

“अक्का, तुम्ही राहिल्या,” निशा म्हणाली. “तुम्हाला नाही ओळखता आलं, तर फेरी दर रविवारी पहिले आईकडे थांबणार.”

पोचक्कानं बतुकम्मा ओट्यावर ठेवली आणि डबा घेतला. एकदाच हलवला. मग हलवायची थांबली. झाकणाच्या कडेला तेल लागलं होतं, तिथं अंगठा फिरवून तिनं तो नाकाशी नेला. तिची नजर सुगंधाबाईच्या मनगटावर गेली, हळदीच्या डागांवर. तसेच जुने काळे डाग तिच्याही मनगटावर होते.

“वदिना,” ती म्हणाली. सुगंधाबाईला ती पहिल्यापासून तिच्या भाषेत अशीच हाक मारायची, वहिनी म्हणून. “शेव हाय का जाडी?”

“नाही!” निशा ओरडली. “आई जिंकल्या!”

टाळ्या पडल्या. बाया ओरडल्या. नानाजीनं खाटेवरून हात उंचावला. सुगंधाबाई मात्र पोचक्काच्या अंगठ्याकडे बघत होती. हिला कळलं. कळूनही ही खोटं बोलली. इतके रविवार जिच्यासाठी रांगोळ्या घातल्या, ती फेरी हिनं सुगंधाबाईला तिच्याच डब्यातून, तिच्याच ओट्यावर, सगळ्या लोकांदेखत भीक घालावी तशी घातली. ज्या बाईला मीठ मागता येत नव्हतं, तिनं! हरणं परवडलं असतं.

“थांबा,” ती म्हणाली. “वाजवू नका टाळ्या. खोटी बोलून राह्यली ही. काऊन व पोचक्का, आपल्या हातचा पदार्थ ओळखू येत नाई का तुले?”

आणि तिनं डबा ताटात उपडा केला. सकिनालूचे तुकडे, फुटके, काही करपलेले, सगळ्यांसमोर पडले.

 मग पोचक्का खाली बसली, एक तुकडा तोंडात टाकला. “मीठ बराबर हाय. वळून लगेच तळलं तुमी वदिना. लुगड्यावर राहू द्याचं घडीभर. पिठातलं पाणी कपडा पिते. पाणी राह्यलं की फुटते.”

“मंग हे भिंतीवरून सांगाले काय झालं होतं?”

“तुमी इचारलं कुठी? मी तर तुमाले दिसावं म्हणून भिंतीकडं तोंड करून बसत होती.”

हशा पिकला तो आवरेना. हमीदाबी तर जरीची ओढणी तोंडात कोंबून हसत होती. सुगंधाबाई हसली नाही. “डबा ओळखला गेला,” ती निशाला म्हणाली. “पैज ती पैज. ने तुयी फेरी पुढं.”

फेरी पुढे गेली. बाया गेल्या, नानाजीही हळूच गेला. सुगंधाबाई एकटी ओट्यावर बसून पलीकडच्या टाळ्यांचा ठेका ऐकत राहिली आणि फुटके तुकडे एकेक करून संपवत राहिली. चवीला चांगले होते, हेच तिला जास्त झोंबत होतं.

पाच दिवस ती भिंतीकडे गेली नाही. शुक्रवारी गेली.

“कपडा कोणता घेतेस?” भिंतीवरून तिनं कोरड्या आवाजात विचारलं.

“जुनं सुती,” पलीकडून उत्तर आलं. “नवं पाणी पीत नाई.”

रविवारी तिनं ओटा धुतला नाही, रांगोळी घातली नाही. मागच्या अंगणात कढईपाशी बसली होती. पाठीमागं निशाचा आवाज आला, “आणि हे आमचं घर.” मग पावलं पुढे जायला हवी होती. ती गेली नाहीत.

निशा आत आली. “आई, मी नाही हो थांबवली. तुम्ही डबा उपडा केला त्याचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर टाकला. सगळे विचारतायत, त्या बाई कुठी आहेत.”

सुगंधाबाईनं झारा कढईवर टेकवला. “त्यात पोचक्का दिसते का?”

“दिसते.”

“मायापेक्षा जास्त?”

“नाही. तुमच्यापेक्षा कमी.”

सुगंधाबाईनं पदर सारखा केला. परातीत अख्खी, गोल, सोनेरी कडी रचलेली होती. परात उचलून ती ओट्यावर आली. माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभी होती. तिनं एकेकाच्या हातावर तीन-तीन कडी ठेवली, संपली की आणखी ठेवली, वरून ताक दिलं.

“बाई, पुरे, पुरे!” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. “पुढेही एका घरी खायचं आहे म्हणे.”

“हाये ना,” सुगंधाबाई गोड आवाजात म्हणाली आणि त्यांच्या हातावर आणखी एक कडं ठेवलं. “म्हणूनच म्हणते, इथी पोटभर खाऊन घ्या.”