तपकिरी कोटाचे जाकीट करणेबाबत

विषय : तपकिरी लोकरी कोट कापून त्याचे जाकीट करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : नातीचा अर्ज, दिनांक सहा जानेवारी.

वरील विषयास अनुसरून, मी तो कोट बोलतोय. माझ्यावर कात्री चालवायची की नाही, हे ठरायचं आहे. या प्रकरणात माझं म्हणणं कुणी मागवलेलं नाही. पण चाळीसहून अधिक वर्षं एका कारकुनाच्या कपाटात काढल्यावर एवढं कळतं, की मागवलेलं नसलं तरी म्हणणं मांडून ठेवावं. पुढेमागे उपयोगी पडतं.

माझा जन्म कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत, कृष्णात टेलरच्या मशीनवर झाला. माझे मालक गणपतराव तेव्हा चोवीस वर्षांचे होते, काडीसारखे, सरकारी कचेरीत नुकतेच चिकटलेले. लग्न करायचं होतं आणि लग्नाला कोट लागतो अशी त्यांची समजूत होती. कृष्णातनं छातीचं माप घेतलं, मालकाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडतो. सरकारी नोकरी हाय. भरशील की."

कृष्णातला माणसं कळत होती.

गल्लीत दुसरा कोट नव्हता. त्यामुळे मी शिवून घरी आलो त्याच आठवड्यात शेजारच्या नवरदेवासाठी मला मागायला माणूस आला. नाही म्हणायची पद्धत आमच्या गल्लीत नव्हती, अजून नाही. मग ज्याचं लग्न तो मला घालायचा, असा पायंडाच पडला. लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्णात माझ्या शिवणी उसवायचा, नवरदेवाच्या मापानं परत घालायचा. माझ्या बाह्या दोनदा आखूड झाल्या, तीनदा लांब. तालमीतल्या एका पैलवानाच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला माझी पाठ उसवली. त्यानं उरलेली मंगलाष्टकं मांडवाच्या खांबाला पाठ लावून ऐकली. त्याची बायको अजून म्हणते, नवरा किती सावकाश चालत आला माझ्याकडं.

असे अकरा नवरदेव मी उभे केले. मला नव्या रूपाची भीती वाटत नाही ती याचमुळे. हल्लीची मंडळी जुन्याचं नवं करण्याला मोठी कला म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला उद्या लग्न आहे असं म्हणायचे.

पुढे भाड्याच्या शेरवान्या आल्या आणि मी कपाटात गेलो. तिथं डांबरगोळ्यांच्या सहवासात माझी उमेदीची वर्षं संपली. नवरात्राच्या आधी घर काढलं की आक्का मला गच्चीवर नेऊन ऊन दाखवायची. आक्का म्हणजे गणपतरावांची बायको. आता नातीसकट सगळे तिला आक्का आणि गणपतरावांना आण्णा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. ऊन दाखवून झालं की आण्णा मला एकदा अंगात घालून बघायचे. बटण आणि काजं यांच्यातलं अंतर दरवर्षी वाढत गेलं. "लोकर आटली," असा त्यांचा निष्कर्ष आहे. मी आटलेलो नाही, एवढंच नमूद करतो.

"मग देऊन टाका की कुणाला," आक्का म्हणायची.

"असू दे. एखाद्या कार्यक्रमाला घालीन."

बढती झाली, मुलाचं लग्न झालं, निरोप समारंभ झाला. कार्यक्रम होत राहिले. मी असू दिला गेलो.

आता अनुजा. ही आण्णांची नात. दीड वर्षापूर्वी तिनं जाहीर केलं, की आपण कपडे विकत घेणार नाही, घरात आहे त्यातूनच करणार. घरच्यांना वाटलं, चार दिवस टिकेल. तेवढ्यात आईच्या दोन साड्यांचे कुर्ते झाले आणि वडिलांची एक पँट, तिची पिशवी झाल्यावर, वडिलांना सापडली. तिला कपड्यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे. त्यासाठी घरातल्या एका जुन्या कपड्याचं स्वतःच्या हातानं नवं करून येत्या शुक्रवारी दाखवायचं आहे. नाही दाखवलं तर वर्ष गेलं.

तिनं ठरवलं, जाकीट करायचं. तिचं म्हणणं, एक जाकीट धड असलं तर तीन साधे कपडे त्याच्या जिवावर निघतात. मग पलंगावर उमेदवार मांडले गेले. मीही त्यात होतो. शेजारी वडिलांचं मोटारसायकलवरचं विंडचीटर होतं, भावाचं जीन्सचं जाकीट होतं, आणि मामानं दिलेलं एक रेक्झिनचं. ते रेक्झिन फार रुबाबात आलं होतं. अनुजानं हातात घेतलं आणि त्याची खपली चादरीवर पडली. पुढची मुलाखत झाली नाही.

ती एकेक अंगात घालून बघत होती आणि तिची मैत्रीण अस्मिता पलंगावर मांडी घालून शेरे मारत होती.

"ह्यात तू गॅस सिलिंडर पोचवायला आल्यागत दिसतीस."

"गप. खांदा बघ आधी. खांद्याची शिवण हाडावर बसली पाहिजे. बाकी सगळं कमी-जास्त करता येतंय, खांदा येत न्हाय. कापड आतनं बघायचं, बाहेरनं न्हाय. आणि शिवणीत किती कापड सोडलंय ते चाचपायचं."

मग तिनं मला उलटा केला. आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि थांबली. "अस्मे, हे बघ. दोन बोटं कापड हाय आत! हल्ली कोण सोडतंय एवढं?"

कृष्णात टेलर जाऊन बारा वर्षं झाली. त्याचं कौतुक असं चाळीस वर्षांनी झालं. मला बरं वाटलं.

तिच्या डोक्यात आखूड जाकीट होतं, कमरेपर्यंत, पाठीवर इरकलीचा काठ लावलेलं. पण कात्री घ्यायच्या आधी अर्ज करणं भाग होतं. आण्णांनी निवृत्तीनंतर कचेरी घरी आणली आहे. वायफायचा पासवर्ड हवा असला तरी कागद लागतो. घरच्यांनी सुरुवातीला चेष्टा म्हणून अर्ज दिले. आण्णांनी ते फाइलला लावले. तेव्हापासून ती चेष्टा राहिली नाही.

अनुजानं अर्ज दिला. आण्णांनी तो तीन दिवस ठेवून घेतला. विचाराला एवढा वेळ लागतो म्हणून नव्हे, त्याच दिवशी निर्णय देणं त्यांना हलकेपणाचं वाटतं. मग शेरा आला : "सदर कोट गल्लीतील अकरा इसमांच्या विवाहात वापरला गेला आहे. सर्वांची लेखी ना हरकत जोडावी."

"आण्णा, असं काय करतायसा? शुक्रवारी द्यायचं हाय मला!"

"मग उठ की. चालायला लाग."

मला हातावर टाकून अनुजा गल्लीत निघाली. आठ जणांनी सह्या दिल्या. जे दोघे आता नाहीत, त्यांच्या बायकांनी दिल्या. पैलवानाच्या बायकोनं तर माझी पाठ चाचपून पाहिली. शेवटचं घर बंडूतात्यांचं. हे आण्णांचे बालमित्र. गुडघ्याला पट्टा बांधून कट्ट्यावर बसले होते. मला बघताच त्यांनी पाय खाली घेतले.

"ह्यो अजून हाय?"

"हाय की. जाकीट करणार हाय मी. सही करा."

"तुझ्या आज्याला इचारलंस?"

"त्यांनीच पाठवलंय."

बंडूतात्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. "पोरी, तुझ्या आज्याचा लग्नाचा फोटो बघितलायस?"

"भिंतीवरच हाय की."

"अंगात काय हाय त्याच्या?"

अनुजा विचारात पडली. फोटो रोज दिसत होता. "पांढरा शर्ट."

"व्हय. कारण कोट माझ्या अंगात हुता." त्यांनी गुडघा चोळला. "माझं लगीन आदल्या दिवशी, शाहूवाडीकडं, सासरवाडीला. सकाळच्या गाडीनं कोट आणून देतो म्हणून गेलतो. सकाळी निघालो, तर थोरला मेहुणा म्हणतोय, पावणं, जरा कोट द्या, एक फोटो काढतो. त्याचा झाला, मग धाकटा. मग चुलत सासरा. मग पोलीस पाटील. रीळ संपस्तोवर थांबलो. एसटी गेली."

हे खरं आहे. मी साक्षीदार आहे. त्या गावात एक अल्बम आहे, त्यात नऊ वेगवेगळ्या आकारांची माणसं एकाच कोटात उभी आहेत.

"मी पोचलो तवा हितं पंगत बसलेली. तुझा आजा शर्टावर लगीन लावून मोकळा. मला बघितलं, आणि काय म्हणला ठावं हाय? 'जेवून घे, बंड्या.' येवढंच. आजपतूर एक शब्द न्हाय काढला." मग त्यांनी सही केली. सहीखाली, कुणी सांगितलं नसताना, तारीखही घातली.

घरी येऊन अनुजानं अकरा सह्यांचा कागद आण्णांसमोर ठेवला. आण्णांनी प्रत्येक सही बोटानं मोजली.

"अकरा. बरोबर."

"बारावं नाव न्हाय ह्यात," अनुजा म्हणाली.

"कुणाचं?"

"तुमचं."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कोटच माझा हाय."

"व्हय. पण कार्यक्रमाला घातलासा कधी?"

"घालणार हुतो," आण्णा म्हणाले.

अनुजानं गळ्यातला टेप काढला आणि न विचारता आण्णांच्या छातीभोवती गुंडाळला. मग मला टेबलावर पसरून खडूनं रेघा मारायला लागली.

"बाह्या काढतो. बाह्यांचं कापड उकलून दोन्ही कुशींना घालतो. आतली दोन बोटंबी सोडवतो. बिनबाह्यांचं जाकीट होतंय, आणि तुम्हाला बसतंय." (कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. बाहेरच्यांनी दुरुस्ती सुचवू नये.)

"आणि तुझं?"

"जुन्याचं नवं करून दाखवा म्हटलंय त्यांनी. कुणाच्या अंगावर, ते विचारलेलं न्हाय."

आण्णांनी पेन उघडलं. मला वाटलं, झालं. पेन कागदावर टेकलंही. मग त्यांनी ते परत बंद केलं.

"आता ह्यात माझा फायदा आला. स्वतःच्या फायद्याच्या प्रकरणावर स्वतः सही करता येत न्हाय. चौतीस वर्षांत केली न्हाय."

"आण्णा!"

"वर पाठवावं लागंल."

या घरात आण्णांच्या वर एकच जागा आहे. ती तेव्हा भाकरी थापत होती. आण्णांनी कागद नेला आणि परातीपासून सुरक्षित अंतरावर धरला. आक्कानं हात पुसले, सगळा अर्ज शेऱ्यांसकट वाचला.

"ह्यावर मी काय करू?"

"सही."

"आत्ताच?"

"तिला शुक्रवारी द्यायचं हाय."

"हां." आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. "लग्नात तासभर पाटावर बसवलासा मला. अक्षता घामानं भिजल्या लोकांच्या हातात. भटजी घड्याळ बघतोय, माझा बाप भटजीकडं बघतोय, आणि तुमचं आपलं, कोट येतोय, कोट येतोय. बसा आता तुम्ही."

मग तिनं अनुजाचं पेन घेतलं आणि कागदावर शेरा लिहिला. या घरातला तिचा हा पहिलाच शेरा : "जाकीट घालून माझ्यासंगं फोटो काढणार काय, ते आधी कळवावे."

"ह्या वयात फोटो?" आण्णा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली आणि कागद चटणीच्या बरणीखाली ठेवला.

ही रविवारची गोष्ट. आज मंगळवार. मी दाराच्या खुंटीला लटकलोय. अंगभर खडूच्या रेघा, खांद्याला टाचण्या. शिवायला दोन दिवस लागतात, असं अनुजा येता-जाता मोठ्यानं म्हणते. अस्मिता रोज कात्री घेऊन येते आणि चहा पिऊन जाते. माझं म्हणणं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगीन : कापा मला. अकरा जणांसाठी उसवलो, मालकासाठी एकदा उसवू द्या. खुंटीवर अखंड राहून मी काही मिळवलेलं नाही.

आज सकाळी आण्णा कुणाला न सांगता बाहेर गेले. आले ते मिशी काळी करून. तासभर पेपर वाचल्यासारखं केलं, मग पेपराआडून अनुजाला विचारलं, "ते फोटो स्टुडिओ अजून चालू असत्यात काय गं?"

"मोबाईलवर काढतो की मी."

"मोबाईलवर न्हाय," आण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. मग परत वाजायला लागली.

शेऱ्यावरचा लेखी खुलासा मात्र अद्याप सादर झालेला नाही. कागद बरणीखाली आहे. कार्यालयप्रमुख रंकाळ्यावर फिरायला गेल्या आहेत. अर्ज प्रलंबित आहे.