वाजणं थांबल्यावर

आमच्या घरात रविवारचा करार आहे. एक रविवार माझा, एक यांचा. माझ्या रविवारी संग्रहालयाच्या वरच्या हॉलमध्ये जुनं संगीत ऐकायचं, यांच्या रविवारी खालच्या दालनात चित्रं बघायची. जाणकार वगैरे आम्ही दोघंही नाही. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, हे शाळेची बस चालवतात. आठवडाभर मी ‘खालची ओळ वाचा’ म्हणायचं, यांनी पोरांचा कालवा सोसायचा. मग रविवारी कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वीचं काहीतरी हळू वाजवावं आणि आपण नुसतं बसून राहावं, एवढीच हौस. कळलं नाही तरी काही अडत नाही. चित्रांचंही तसंच. फळांची चित्रं बघून मला फक्त भूक लागते.

गेलं वर्षभर मात्र हा करार मोडायला लागला होता. माझा रविवार आला की यांचं काहीतरी निघायचं. नवीन प्रदर्शन लागलंय, शेवटचा दिवस आहे, आज चित्रंच बघू. घरातही तीच तऱ्हा. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की पालथ्या घड्यावर पाणी. पण नवरा बायकोचं ऐकत नाही, यात नवल ते काय? मी नवल केलं नाही, नुसता वैताग केला.

परवा आमची नात हसत हसत सांगत होती, आजोबांनी शाळेच्या पटांगणात बस मागे घेताना एका मुलीच्या दप्तरावरून चाक नेलं. नात यांच्याच बसने जाते. मुलांना उतरवून घेणाऱ्या बाई मागून ‘थांबा, थांबा’ ओरडत होत्या म्हणे. हे म्हणाले, त्या बाईंना आवाजच नाही. मीही हसले आणि पोळपाट धुवायला घेतला.

आज मी हटून बसले. आज चित्रं नाहीत, आज माझा रविवार. हे मुकाट्याने आले.

आजचं वाद्य होतं क्लॅविकॉर्ड. दिसायला टेबलावर ठेवलेली लांबट पेटी. पट्टी दाबली की आत पितळेची बारीक पात तारेला टेकते आणि आवाज येतो. तोही कसला, शेजारच्या खोलीत कुणी चमचे आवरावेत तेवढा. वाजवणाऱ्या बाईंनी आधीच विनवलं, खुर्च्या सरकवू नका, खोकला आला तर बाहेर जा. सगळे श्वास धरून बसले. यांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरला. मला बरं वाटलं. उगाच चिडत होते मी या माणसावर, असंही वाटलं.

मधेच एक पट्टी अडकली. बाईंनी हात उचलले, पेटीत वाकून बघितलं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि माझ्या शेजारी यांचं बोट चालू होतं. मान डोलत होती, चेहऱ्यावर समाधान होतं. बाईंनी पट्टी सोडवली, रुमालाला बोटं पुसली, तरी बोट चालूच. पुढच्या ओळीतल्या एकाने वळून पाहिलं आणि हसला. त्याला वाटलं असेल, म्हातारा रंगलाय.

मला पहिल्यांदा आठवलं ते दप्तर.

कार्यक्रम संपला. सगळ्यांचे हात हलताना बघून यांनीही टाळ्या वाजवल्या. खालच्या दालनात हे उघड्या खिडकीच्या एका चित्रासमोर उभे राहिले. मी मागे उभी राहून साध्या आवाजात म्हटलं, “पाकीट पडलं तुमचं.” हे चित्र बघत राहिले. मग मी म्हटलं, “मला तुमची भीती वाटते आहे.” तेही हवेत विरून गेलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. स्वतःची लाज वाटली, पण त्याहून राग जास्त आला.

बाकावर बसवून समोरून विचारलं, तेव्हा यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. वर्ष झालं. समोरून बोललं की ओठांवरून सगळं कळतं. शाळेच्या तपासणीतले डॉक्टरही समोर बसूनच विचारतात, ऐकू येतं ना, आणि हे म्हणतात, येतं की. बसमध्ये आरसा आहे, त्यात पोरांची तोंडं दिसतात. मशीन कानाला लावलं की शाळा दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, म्हणून झाकली मूठ.

“आणि मागून कोणी ओरडलं तर?” मी विचारलं.

“दप्तरच होतं ते.”

“या वेळी दप्तर होतं.”

हे म्हणाले, “शाळेचं एवढं वर्ष काढू दे मला. बस गेली तर मी सकाळी उठून करू काय? वर्ष संपलं की मीच चावी देतो. कोणाला सांगू नकोस.”

यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला रडू येत होतं. मी म्हटलं, उद्याची सुट्टी तरी घ्या, आधी कान दाखवू. यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि उठून, माझ्याकडे पाठ करून, पुन्हा त्या खिडकीच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. यांना ऐकायचं नसलं की पाठ करण्याची सवय जुनीच. पूर्वी ती नुसती सवय होती.

मी पर्समधून फोन काढला. शाळेच्या बसचं बघणाऱ्या साहेबांचा नंबर नातीमुळे माझ्याकडे होता. बाहेर जाऊन बोलावं असं मनात आलं. मग वाटलं, चोरून कशाला? आणि मी उठले, यांच्या मागे हाताच्या अंतरावर उभी राहिले आणि तिथूनच बोलले. माझी एक वेडी आशा होती. हे मधेच वळतील, माझ्या हातातून फोन हिसकावतील, चारचौघांत माझ्यावर ओरडतील. तसं झालं असतं तर मी साहेबांची माफी मागून फोन ठेवला असता.

“साहेब, उद्यापासून यांना बस देऊ नका,” मी म्हटलं. “यांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही.”

साहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. दालनातली माणसं वळून बघायला लागली. कोपऱ्यातला रखवालदार ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे आला. माझ्या नवऱ्याची पाठ तशीच होती, शर्टाची कॉलर नेहमीसारखी एका बाजूने उलटी.

रखवालदार शेजारून गेला तेव्हा यांना दिसला. हे वळले, माझ्या हातातला फोन बघितला, मग माझं तोंड.

“काय गं? मला काही म्हणालीस का?”

मी फोन पर्समध्ये टाकला. यांच्या पुढे जाऊन उजेडात उभी राहिले, आणि साहेबांना सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, ओठ नीट दिसतील असं.