दाढेचा फोटो

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर प्रमोदिनींनी विचारलं, "दिवस गेलेत का? पाळी चुकलीय?" आणि सासू शेजारी उभी असताना मी चक्क खोटं बोलले. "न्हाई," म्हणाले. दाढेच्या ठणक्यानं डोकं फुटायची वेळ आली होती, तरी खोटं मात्र पटकन सुचलं.

खरं तर तिसरा महिना लागत होता. पण सांगायचं कुणाला? याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. पहिल्या वेळी माझ्या नवऱ्यानं, बिरदेवनं, अख्ख्या वस्तीला पेढे वाटले होते. मग तीच वस्ती सांत्वनाला आली आणि माझं काय चुकलं ते प्रत्येकीनं मला समजावून सांगितलं. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला पोट दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बिरदेव केरळात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. सासू भामाबाई, मी तिला आत्ती म्हणते, तिनं तर दुसऱ्या वेळेनंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. जतकडच्या आमच्या घरात आम्ही दोघी आणि शेळ्या. जास्त बोलायच्या त्या शेळ्याच.

मी आत जाऊन खुर्चीत बसले. दारात आत्ती डॉक्टरांच्या कानाला लागली होती. लागू दे. सुनेची गाऱ्हाणी सांगायला हिला दातांचा दवाखानाही चालतो, असं मनात आलं आणि मी तोंड फिरवलं. डॉक्टर आल्या, गळ्यापासून मांड्यांपर्यंत शिशाचा जड एप्रन माझ्या अंगावर घातला, दाढेचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

निघताना दारावरची पाटी वाचली. 'गरोदर असाल तर एक्स-रे काढण्याआधी डॉक्टरांना सांगा.' मी ती पुन्हा एकदा वाचली. आत्तीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "चल बिगीबिगी, गाडी जाईल."

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. मोरीत जाताना दर वेळी जीव मुठीत धरायचा. दाढेचा ठणका उतरला होता, पण त्याचं सुख कसलं? दोनदा देवानं नेलं म्हणायची तरी सोय होती. या वेळी मीच खोटं बोलून घालवलं असतं. बिरदेवचा फोन आला.

"दाढ कशी हाय?"

"बरी हाय."

"मग आवाज का असा?"

"गाल सुजलाय."

तिकडून कुणी हाक मारली, त्यानं फोन ठेवला. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. इतकं एकटं मला सासरी आले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आत्तीला बाहेर बाकावर बसवून मी एकटीच आत गेले आणि दार लोटलं.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. दिवस गेलेत मला. आता बाळाचं काय?"

त्यांनी मला आधी पाणी दिलं. "घाबरू नका. एका दाढेच्या फोटोचे किरण फार थोडे, तेही जबड्यावर. पोटापर्यंत जवळजवळ काही पोचतच नाही. तुमच्या दाढेत पू झाला होता, तो तसाच ठेवणं जास्त वाईट. गरज असेल तर गरोदरपणातही फोटो काढता येतो. पण सांगायला हवं होतंत. सगळ्याच गोळ्या चालत नाहीत."

"मग त्या गोळ्या?"

"चालणाऱ्याच दिल्यात. तुमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. सून नाही म्हणाली तरी ती पोटुशी आहे असंच धरा म्हणाल्या. आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका, ती भ्यालीय, हेही म्हणाल्या."

हिला कधी कळलं? आणि कळूनही ही रोज माझ्यासमोर गप्प भाकरी थापत होती?

बाहेर आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मला बघून उठली.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"आवं आत्ती, काळजीचं काय न्हाई."

"दाढंचं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

"दाढंचंबी," मी म्हणाले.

आत्ती मटकन बाकावर बसली. मी तिच्या शेजारी टेकले. त्या दिवशी आमची गाडी चुकली.